चार काठांचा माणूस

तर झालं असं, की बाबा "हो, हो, काही हरकत नाही" एवढंच म्हणाले आणि माझा घास हातातच राहिला. तसं वाक्य अगदी साधं, कुणीही म्हणेल असं. पण मी काम काय करते ते तुम्हाला माहीत आहे. दिवसभर कानाला ते यंत्र लावून लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलते, आणि त्या कामातली एक गोष्ट माझ्या अंगात इतकी भिनली आहे की घरी आल्यावर चपलेसारखी ती दारात काढून ठेवता येत नाही. ओरडणाऱ्या माणसाची मला काळजी वाटत नाही. शिव्या घालणाऱ्याची तर अजिबात नाही, शिव्या घालणारा पोटभर श्वास घेत असतो. मला धास्ती असते ती "नाही नाही, मी एकदम ठीक आहे, तुम्ही सावकाश या" म्हणणाऱ्याची. त्याचा आवाज गळ्याच्या खळग्यातनं येतो, खाली छातीपर्यंत पोचतच नाही, आणि शब्द कसे अगदी इस्त्री केलेले. असा आवाज आला की मी बाकीच्यांना थांबवते आणि मेकॅनिक आधी त्याच्याकडे पाठवते. आणि त्या संध्याकाळी तो आवाज आमच्या जेवणाच्या टेबलावर आला, आईच्या शेजारच्या खुर्चीतनं, माझ्या स्वतःच्या बाबांच्या तोंडून. आई वाढत होती. फोन टेबलावर उताणा पडला होता आणि त्यातनं दातवाला, म्हणजे बाबांचा एक जुना विद्यार्थी, मोठमोठ्यानं बोलत होता, की सर, मग तिसऱ्या बेटावर नक्की, किनाऱ्यापासून समोरच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत, सगळ्यात पुढे तुम्ही आणि मागे आम्ही सगळे. आणि बाबा म्हणाले, हो, हो, काही हरकत नाही.

थांबा, तुम्ही बाबांना पाहिलेलं नाही, म्हणून आधी ते सांगते. बाबा पोहायला शिकवतात. म्हणजे शिकवायचे, नुकतेच निवृत्त झाले. आमच्या भागातला सार्वजनिक तलाव, निळ्या फरशीचा, चारी बाजूंनी कट्टा, एका कडेला पंपाची खोली, तिथे आख्खा जन्म गेला त्यांचा. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललंय. रस्त्यानं त्यांच्याबरोबर चाललं ना, की कुणीतरी टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस मध्येच थांबतो, सर ओळखलंत का म्हणतो, आणि बाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, खांद्यांकडे बघतात, आणि म्हणतात, तू तो, डावा हात पाण्यावर आपटणारा, अजून आपटतोस का? आणि तो माणूस, एवढा थोराड, लाजतो हो. त्या वेळी मला काय होतं ते मला सांगता येत नाही. म्हणजे मी शेजारी उगाच पिशवी सावरत उभी असते, पण आतनं असं वाटतं की ह्या रस्त्यावरची सगळी दुकानं आमचीच आहेत. लहान असताना शाळेत कुणी विचारलं तुझे वडील काय करतात, तर मी म्हणायचे, माणसं बुडू देत नाहीत. बाकी मुलांचे वडील नुसतीच नोकरी करायचे.

तर ह्या सगळ्या खांदेवाल्यांनी मिळून बाबांना निवृत्तीची भेट दिली. घड्याळ नाही, फोटोफ्रेम नाही. बेटं. ती बेटं हो, प्रवासी कंपन्यांच्या काचेवर चिकटवलेली असतात ती, ज्यांच्यासमोर आपण बसची वाट बघत उभे राहतो आणि आपल्या घामाचा आपल्यालाच राग येतो. निळ्यात हिरवे ठिपके, जणू कुणीतरी हात झटकल्यावर उडालेले. दातवाला ह्या सगळ्याचा पुढारी. तो दातांचा डॉक्टर आहे, पण आमच्या घरात त्याला डॉक्टर कुणी म्हणत नाही, कारण बाबांच्या मते ज्याला अजून पाण्यात तोंड बंद ठेवता येत नाही त्यानं दुसऱ्याची तोंडं उघडावीत हा विनोद आहे. दुसरी बेडूक. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिला बघून मुलं वर्गात पळतात, पण बाबांनी लहानपणी तिच्या पायांच्या फटक्यावरनं नाव ठेवलं ते ठेवलं, ती आमच्या दारात येऊन स्वतःच सांगते, सर, बेडूक आलीय. तर ही दोघं रोज संध्याकाळी, कधी फोनवर कधी घरी, आणि टेबलावर नकाशा. कुठल्या महिन्यात समुद्र निजलेला असतो, मोठ्या बोटीनं जायचं की लहान विमानानं, पोवळ्यांवर पाय कापतात म्हणून रबरी बूट इथनं न्यायचे की तिकडे मिळतात. आईची चिंता वेगळीच, तिकडे कपडे वाळत घालायला दोरी असते का. आणि बाबांचे प्रश्न तर संपायचेच नाहीत. भरती कधी, ओहोटी कधी, पाणी कुठल्या बाजूला ओढतं, तळ एकदम सुटतो की हळूहळू, किनाऱ्यावर राखण करायला माणूस असतो का आणि असला तर तो फोनवर खेळत बसतो का. दातवाला म्हणायचा, सर ते सर, समुद्राची पण परीक्षा घेणार. आणि मी खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून ऐकत बसायचे, इतकी खूश, की माझ्या बाबांना समुद्रसुद्धा हजेरी देऊन जाणार.

आणि मग ते वाक्य. मी घास खाल्ला, पाणी प्यायले, उठले, ताट धुतलं, सगळं हातांनी केलं. पण डोक्यात एक भलतीच गंमत चालू झाली होती, म्हणजे गंमत नाही, मी आठवत होते. बाबा ओले कधी दिसले? तुम्ही हसाल, पण विचार करून बघा, आपल्या बापाला ओला बघितल्याचं आठवतं का तुम्हाला, आणि माझा बाप तर पाण्यावर जगणारा. मला बाबा दिसत होते ते असे, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, रबरी चपला, गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू आणि कट्ट्यावर एका कोपऱ्यातनं दुसऱ्या कोपऱ्यात, तिथनं तिसऱ्यात, घाण्याच्या बैलासारखे, पण नजर सतत पाण्यात. घोटे ओले. कधीकधी पोटऱ्या, कुणी जोरात उडी मारली तर. केस कोरडे. कायम कोरडे, मागे वळवलेले, फणीच्या दातांच्या रेघांसकट. त्यांच्या अंगाला तलावाच्या औषधाचा वास यायचा, तो मला इतका आवडायचा की मी त्यांच्या सदऱ्यात नाक खुपसून झोपायचे, पण तो वास काय, ओल्या फरशीवर दिवसभर उभं राहिलं की कुणालाही लागतो, पंपाच्या खोलीतल्या मांजरालाही यायचा. मी त्यांना शिट्टीच्या आवाजानं ओळखते, सावलीनं ओळखते. पाण्याखालनं वर बघितलं की ती सावली लांबच लांब वाकडी होऊन हलायची आणि मला वाटायचं बाबा पाण्यातच आहेत. आमच्याबरोबर. सगळ्यांनाच वाटत असणार. म्हणजे शिकवणाऱ्याला कोण विचारतं, की तुम्हाला येतं का? देवाला कुणी विचारतं का, आस्तिक आहेस की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि मी चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभी राहिले. दोरीकडे बघितलं, आणि मला जे आठवलं त्यानं मी कपच खाली ठेवला. लहानपणापासून त्या दोरीवर माझा पोहण्याचा पोशाख असायचा, रोज, लाल, मग निळा, मग काळा. एकच. बाबांचा कधीच नव्हता. इतकी वर्षं ती दोरी डोळ्यांसमोर आणि माझं लक्ष नाही. आईच्या नजरेला माझी नजर दिसली असणार, कारण तिनं चिमटा दातात धरला होता तो काढला आणि म्हणाली, "तुला आत्ता कळलं?" अगदी असं, जणू मी दूध उतू गेल्यावर स्वयंपाकघरात आले. मग तिनं सांगितलं, कपडे झटकत झटकत, मध्येच बाही उलटी करत. की बाबा तलावावर लागले ते पंप चालवायला. त्या खोलीच्या खिडकीतनं दिवसभर शिकवणं दिसायचं, ऐकू यायचं, आणि ह्यांना काय, एकदा बघितलेलं विसरायचं नाही ही खोडच. आणि एका हंगामात शिकवणारा माणूस मधेच सोडून गेला, दुसऱ्या गावी मोठी नोकरी लागली म्हणून, आणि सकाळी पोरं रांगेत उभी, कुडकुडत, आईबापांनी पाठवलेली. कुणीतरी शिट्टी वाजवायला हवी होती. तर ह्यांनी वाजवली. मी विचारलं, मग नंतर शिकले का नाहीत? आई म्हणाली, "आधी वेळ नव्हता. मग लाज वाटायला लागली. मग ते सर झाले." आणि शेवटचा चिमटा लावून बादली उचलून आत गेली. जाताना म्हणाली, आणि तू उगाच तोंड वाकडं करून त्यांच्यासमोर हिंडू नकोस, बापानं तुला पाण्यात पाठवलंय, पाण्यात सोडलेलं नाही.

मी कामावर गेले, पण माझं लक्ष नव्हतं. एक बाई चौथ्या मजल्यावर अडकली होती, तिला मी शांत करत होते, भिंतीला पाठ लावा, खाली बसा, श्वास मोजू नका नुसता सोडा, आणि बोलता बोलता मला ऐकू आलं की हे सगळं बाबांचं आहे. शब्द, थांबायची जागा, शेवटी खाली उतरणारा सूर. पहिल्यांदा पाण्यात पाय टाकणाऱ्या पोराला बाबा असंच बोलायचे. बाकीचे शिकवणारे म्हणायचे, घाबरायचं नाही. बाबा कधी तसं म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, घाबर, पण दांडी सोडू नकोस, घाबरत घाबरत खाली ये. आम्हाला वाटायचं ही त्यांची युक्ती. अहो, युक्ती कसली, त्यांना माहीत होतं. आत्ता बोटं कशी पांढरी पडतात, आत्ता पोटात काय होतं, सगळं. ज्यांना पोहता येतं त्यांना ते आठवत नाही, मला आठवत नाही, मी विसरले कधीच. बाबा विसरूच शकले नसतील, कारण ते रोज त्याच पायरीवर उभे होते.

आणि मग एकेक गोष्ट अशी सुलट होत गेली ना, जसा उलटा घातलेला सदरा कुणी काढून नीट करून द्यावा. बाबांचा एक नियम होता. मोठ्या पोरांपैकी एक जण पाण्यात उतरून खोल कडेला उभा राहिल्याशिवाय लहानांची रांग हलायची नाही. राखण्या म्हणायचे त्याला. राखण्या आला नाही तर वर्ग बंद, मग बाहेर आईबाप बोंबलत उभे राहू देत. एकदा कुणा बड्या माणसाचा मुलगा होता, बडा माणूस म्हणाला, तुम्ही आहात ना इथे, मग आणखी कशाला कोण हवं? बाबा म्हणाले, मी इथे आहे, तिथे नाही. तो माणूस चिडून निघून गेला आणि आम्ही पोरं काय खूश झालो होतो, आमच्या सरांचा बाणा बघा म्हणून. आणि दुसरं, शिकवताना ते चहा प्यायचे नाहीत. कुणी भेटायला आलं तर पाण्याकडे बघतच बोलायचे, लोक म्हणायचे माणूस शिष्ट आहे. मी अगदी लहान असताना एकदा माझ्या नाकात पाणी गेलं, खूप नाही, मला स्वतःलाही कळलं नव्हतं की काही चुकतंय, नुसतं हिरवं हिरवं आणि कानात भुंगा, आणि तेवढ्यात बेडकीनं मला काखेतनं उचललं, ती तेव्हा राखणी होती. नंतर ती म्हणाली, मला तर काही दिसलं नव्हतं, सरांनी शिट्टी वाजवून तुझ्याकडे बोट केलं म्हणून आले. मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. एवढ्या वर्षांत त्या तलावात कुणी बुडालं नाही. शहरातले बाकीचे तलाव विचारा. पोहता येणारा माणूस काठावर निवांत होतो हो, त्याला वाटतं, काय झालं तर मी उडी मारीन. बाबांना ते म्हणायची सोयच नव्हती. त्यांच्याजवळ फक्त डोळे होते.

मी त्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून तलावावर गेले. बाबा निवृत्त झाले तरी तिथेच असतात दुपारचे, नवा माणूस यायचाय ना अजून. तलाव रिकामा होता, पाणी इतकं स्वस्थ की तळाच्या फरशीवरचे तडे दिसत होते. बाबा काचेच्या नळीत पाणी घेऊन उजेडाकडे धरून बघत होते. मी शेजारी कट्ट्यावर पाय सोडून बसले, पाण्यात, आणि ते उभे राहिले, नेहमीसारखे. मला इतकं बोलायचं होतं, की बाबा, मला कळलंय आणि मला तुमचा काय अभिमान वाटतोय, पण तोंडातनं निघालं काय, तर तिकडे रबरी बूट मिळतात म्हणे. ते हं म्हणाले. मग मी म्हटलं, बाबा, तुम्हाला जायचंय ना नक्की? ते नळी हलवत राहिले आणि म्हणाले, जायचंय. ते पाणी मला बघायचंच आहे, चित्रात दिसतं तसा रंग खरंच असतो का ते.  पंप घुरघुरत होता. मग त्यांनी नळीतलं पाणी परत तलावात ओतलं, अगदी सावकाश, आणि म्हणाले, "इथे चार काठ आहेत. कुणीही कुठेही गेलं, तरी मी तिथे पोचतो. समुद्राला एकच असतो. ही सगळी माझ्या नावानं त्या निळ्यात शिरणार, आणि मी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कोण?"

बघा म्हणजे. मला वाटत होतं हा माणूस लाजेनं मरतोय, उघडं पडायची भीती आहे. तीही होती, नाही असं नाही, नाहीतर त्या दिवशी फोनवर तो आवाज आला नसता. पण त्याच्याही खाली आणखी एक भीती होती आणि ती आमची होती, आमच्यासाठीची, दातवाल्याच्या सुटलेल्या पोटासाठीची, बेडकीच्या गुडघ्यांसाठीची. पोरं म्हणतात अजून त्यांना. चाळिशीच्या पुढची पोरं. मी म्हटलं, मी सांगते त्यांना काहीतरी, कानाचं सांगते, कानाच्या पडद्याला भोक आहे, डॉक्टरनं पाण्यात उतरायला बंदी केलीय. कुणाला काही कळणार नाही. बाबा नुसतं "बघू" म्हणाले. आणि घरी येताना बसमध्ये मी ते कानाचं इतकं घोळवलं, इतके बारकावे भरले त्यात, की उतरेपर्यंत माझाच कान दुखायला लागला. पण खोटं नीट बसलं तरी आतनं कुरकुरत होतं काहीतरी. कारण कान म्हटलं की ते सगळे हळहळणार, अरेरे म्हणणार, आणि मग तरीही जाणार त्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत, सरांच्या नावानं, आणि बाबा एका बाजूला. म्हणजे बाबांची अब्रू वाचणार आणि बाबा नाही वाचणार. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी धीर नव्हता. हे सगळे लोक बाबांकडे ज्या नजरेनं बघतात ना, ती नजर बदललेली मला बघायची नव्हती. बाबांपेक्षा मलाच ती जास्त लागत असावी.

रविवारी सगळे घरी आले, शेवटचं ठरवायला. खुर्च्या पुरल्या नाहीत, दोघं खिडकीत बसले. दातवाल्यानं टोप्या आणल्या होत्या, सगळ्यांना सारख्या, आणि बाबांच्या डोक्यावर त्यानं स्वतः घातली, ती कानापर्यंत आली. बेडूक नकाशावर बोट ठेवून सांगत होती, इथनं सुटायचं, इथे पोचायचं, मध्ये पाणी खोल आहे पण सर पुढे असतील. सर पुढे असतील हे ती दोनदा म्हणाली. मी आईकडे बघितलं, आई चहा गाळत होती, तिनं डोळ्यांनी सांगितलं, तुझं तू बघ. मग मी सुरू केलं. म्हटलं, अहो, एक सांगायचं राहिलं, बाबांच्या कानाला... एवढ्यावर बाबांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा, आणि सगळे गप्प झाले, सवयीनं. "कान ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "मला पोहता येत नाही."

आणि सगळे हसले. म्हणजे काय हसले, खिडकीतला एक जण खाली पडायच्या बेतात. दातवाला म्हणाला, सर, निवृत्तीनंतर तुम्ही फारच विनोदी झालात. बेडूक डोळे पुसत होती. बाबा थांबले, हसणं संपू दिलं, आणि परत म्हणाले, तेच, त्याच शब्दांत. आता तर हसणं डबल. कुणीतरी म्हणालं, मग आता दातवाला म्हणेल, मला दात काढता येत नाहीत. मी मेले होते तिथे, आणि तरी माझा कान त्यांच्या आवाजावर होता आणि तो आवाज, तुम्हाला सांगते, पोटातनं येत होता. भरलेला, सरळ. माझ्या यंत्रात असा आवाज आला असता तर मी म्हटलं असतं, ह्या माणसाला मेकॅनिक नको, हा दार उघडून बाहेर आलेला आहे. बाबांनी टोपी काढून नकाशावर ठेवली, चपला घातल्या आणि म्हणाले, चला. कुठे, ते कुणी विचारलं नाही. सर चला म्हणाले की चालायचं असतं.

तलावाला रविवारी दुपारी सुट्टी असते. राखणदारानं दार उघडलं. सगळे काठावर उभे राहिले, अजून गमतीतच, एकमेकांना ढोसत, लहानपणी उभे राहायचे त्याच बाजूला. बाबांनी चपला काढल्या, एकीशेजारी एक ठेवल्या. सदरा तसाच. मग शिडीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी दांडी धरून ते पहिली पायरी उतरले. दुसरी. पँट फुगली. त्यांनी ओठ घट्ट आवळले होते आणि बोटं पांढरी झाली होती, आणि तिथे कुणाला काही सांगावं लागलं नाही, कारण ती बोटं त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती, प्रत्येकाची कधीतरी तशी झाली होती. हसू एकेकाच्या तोंडावरनं गेलं. छातीपर्यंत पाणी आल्यावर बाबा थांबले. त्यांचा श्वास वर वर होत होता. सदरा भोवती पसरला होता. ओले झाले होते बाबा. मी त्यांना पहिल्यांदा बघत होते तसं, आणि किती लहान दिसत होते, आणि मला वाटलं, हा, हा माणूस, ह्यानं हे रोज पोटात ठेवून आम्हाला पाण्यात सोडलं आणि परत मोजून घेतलं.

 शेवटी दातवालाच म्हणाला, सर, आम्ही बेटांचं रद्द करतो. बाबांनी मान वर केली. इतकी वर्षं वरनं खाली बघितलेल्या माणसाला खालनं वर बघायला जरा अवघड जात होतं. ते म्हणाले, रद्द कशाला, मूर्ख आहेस का. आणि मग तिथेच, छातीभर पाण्यात, दांडीला चिकटून, दात वाजत असताना त्यांनी सगळा बेत नव्यानं सांगितला. वाळूच्या पट्ट्यापर्यंत कुणी जाणार नाही. किनाऱ्याला धरून आडवं पोहायचं, कमरेइतक्या पाण्यातनं, जोडीजोडीनं. वाळूवरनं मी तुमच्याबरोबर चालणार. बाहेरच्या अंगाला बेडूक आणि आणखी एक, राखण्या म्हणून. भरती चढताना नाही, ओहोटी उतरताना नाही, पाणी थांबतं त्या मधल्या वेळेला. आणि दातवाल्या, तू तोंड बंद. बेडूक म्हणाली, होय सर, आणि तिचा आवाज वर्गातल्या पोरीसारखा आला. आणि मग बाबा म्हणाले, आता एक गोष्ट माझी. तिकडे जायच्या आधी मला डोकं पाण्याखाली घालता यायला हवं, नाहीतर तो रंग काय नुसता वरनं बघू? कोण शिकवतंय?

अहो, ते म्हणायची खोटी, बूट काय, घड्याळं काय, दातवाला तर शर्टासकट. धबाधब सगळे आत. कुणी म्हणतंय सर नाकानं सोडा, कुणी म्हणतंय आधी तोंड भिजवा, सगळ्यांची त्यांचीच वाक्यं, त्यांच्याच सुरात, आणि बाबा ओरडतायत, एका वेळी एक जण, हा बाजार नाही. मीही चपला भिरकावल्या. माझा पाय कट्ट्याच्या कडेवर, अंग पुढे झुकलेलं, माझ्यापेक्षा जास्त हक्क कुणाचा होता त्या पाण्यावर? आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तू नाही," ते म्हणाले. "तू वर थांब. काठावर कुणीतरी लागतं."

मी थांबले. खोल बाजूला डोळे मिटून उडी मारणारी मी, पाण्यात मला आजपर्यंत कसली भीती वाटली नाही. पण तिथे, कोरड्या फरशीवर, मी पाण्यातली डोकी मोजायला लागले, आणि मोजून झाली की परत पहिल्यापासून. इतकी माणसं पाण्यात, एकाहून एक पोहणारी, त्यांनी बाबांना सगळीकडनं घेरलेलं, आणि तरी माझी खात्री पटेना. मला वाटत होतं, मी नजर काढली की काहीतरी होईल. ऊन पाण्यावरनं थेट डोळ्यांत येत होतं आणि मी हात आडवा धरला नाही, न जाणो तेवढ्यात. मागे कुणीतरी आलं, बहुतेक आई, माझ्या खांद्यापाशी काहीतरी म्हणाली, मी वळले नाही. हे असं होतं तर. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, प्रत्येकासाठी, असं. बाबांनी दांडीवरची बोटं एकेक करून मोकळी केली, माझ्याकडे बघत, मी बघतेय ना हे बघत, आणि हात सोडला.